डाव्या पायातलं लोखंड

सुमीचे बाबा, मले एवढंच सांगा. डाव्या पायात काय टाकलं होतं तुमी?

तुमी गेल्यापासून मी तुमाले हेच इचारत राह्यली. चूल पेटवताना, भांडे घासताना, तुमच्या फोटोपुढं दिवा लावताना. गल्लीतल्या बाया म्हणत, बुडी रडत नाई वं, दगड झाली. रडाले फुरसत पायजे. माह्या डोक्यात तो पाय होता.

चौकात तुमचा किसन उभा होता, सिमिटाचा पुतळा, चौथऱ्यावर. अंगाले ओले गोणपाट गुंडाळलेले, वरून चादर, सुतळीनं बांधलेला. वैशाखाचं ऊन. त्याच उन्हात दिवस दिवस चौथऱ्यावर बसून तुमाले ताप भरला, आन तापात पडल्यावरबी तुमची एकच बडबड, "पाणी घातलं का त्याले? सुकला तं तडकन." माह्यं नाव नाई घेतलं, सुमीचं नाई घेतलं. तोंडात पाणी घातलं तं म्हणे, "मले नोको, त्याले घाल."

मंग तुमी गेले. तुमाले नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर उचलली, तं सुमी दारात आडवी आली.

"आई, सुतक आहे. कोठी चालली?"

"चौकात. पाणी घालाले."

"लोकं काय म्हणतीन?"

"सिमिटाले सुतक नसते," म्या म्हणलं. "त्याले तहान असते."

लोकं म्हणलेच. हिरीवर पाणी शेंदत होती तं बाया दूर सरकल्या. सरकू द्या, मले जागाच भेटली. मी गोणपाट भिजवले, डोक्यापासून पायापावतर. सुतळीच्या फटीतून पाणी खाले झिरपे आन चौथऱ्यावरून चौकात जाये. कुत्रे येऊन चाटत. मले वाटलं, चला, एवढं तं तुमच्या सांगण्यावरून झालं.

मंग मास्तर आले. पुतळ्याच्या कमिटीचे सेक्रेटरी, आपल्या मास्तरचं म्हणते मी. भेटाले आले, ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. तुमच्याबद्दल चांगलं बोलले. मंग उठत नाईत आन बोलतबी नाईत. म्या म्हणलं, "बोला ना मास्तर. अथी बसून मुका काऊन झाले?"

"काकू, इचाराची लाज वाटते. पण माह्याजवळ दुसरं कोणी नाई इचाराले. डाव्या पायात लोखंड किती आहे?"

म्या म्हणलं, "काऊन?"

"कमिटीनं देल्ल्या कांबी मले मालूम आहे," मास्तर म्हणले. "बारीक होत्या. परमिटवर तेवढ्याच भेटल्या. काकांनीच सांगतलं होतं, याच्यानं भागणार नाई, एक जाड काई तरी पायजे. मंग ते म्हणले, मी पाहून घेतो. काय पाह्यलं, ते नाई सांगतलं."

मास्तरचा भेव खोटा नव्हता. मागं लढाईच्या सालात, लोखंड दिसाले नव्हतं तवा, तुमी त्या खेड्यावर सेठचा पुतळा बांबूवर उभा केलता. दोन पावसाळे निघाले, तिसऱ्यात तो गुडघ्यातून मोडून पडला. कोणाची तं शेळी दबली खाली. लोकं कितीक दिवस तुमाले पाहून म्हणत, "कुंभारदादा, सेठजी बसले का उभे आहेत?" तुमीबी हसत. घरी येऊन जेवत नव्हते.

"पडदा काढाच्या दिवशी माह्या शाळेचे पोरं त्याच्या खाली बसून गाणं म्हणणार आहेत," मास्तर म्हणले. "चौथ्या वर्गाचे. मी त्याईले कसं बसवू, सांगा. पायात जाड लोखंड असन तं ठीक. नसन तं पोटऱ्यापावतर चारी बाजूनं इटा रचून टाकू. मजबूत होईन. दिसन थोडं वेगळं."

थोडं वेगळं! सुमीचे बाबा, त्या पायासाठी तुमी कमिटीशी किती भांडले होते.

कमिटीले किसन सरळ उभा पायजे होता, छाती काढून, पायात चांगल्या वाहना. तुमी किसनच्या मायले, गोदाबाईले, घेऊन गेले बैठकीत. ते म्हातारी खुर्चीवर बसलीच नाई, भिंतीले टेकून उभी राह्यली. म्हणली, "माह्या पोरानं जलमात पायात काई घातलं नाई. सालदार होता, लोकाईच्या वावरात राबला. गोऱ्याईची गोळी लागली तईबी अनवाणीच होता. आता मेल्यावर कोणाची वाहन घालता त्याले?" मंग ते म्हणली, "आन तो उभा कधी राहे? चालतच राहे." तुमी घरी आले ते उड्या मारत आले. चालता किसन करतो म्हणले. उजवी टाच उचललेली, सगळा भार डाव्या पायावर.

म्या तवाच म्हणलं होतं, "सगळा भार एका पायावर? धोतर जरा खाली सोडा, घोटे जाड करा. पडन."

"तो कोण्या धोतराचा मोठा लागून गेला," तुमी म्हणले. "गुडघ्याच्या वर खोचलेलं राहे त्याचं."

त्या दुपारी तुमी मले आव्याजवळ बसवलं. म्हणले, "पाय पुढं कर."

"आता म्हातारपणी पाय पाहता? लगनात पाह्यले नव्हते का?"

"टाचा दाखव. भेगा पाह्यच्या आहेत."

लाज वाटली मले. जलमभर चिखल तुडवला मी तुमच्यासाठी. धाम नदीच्या काठची माती डोक्यावर आणली, अंबाडीचे तंतू आन घोड्याची लीद टाकून पायानं मळली. पोळ्याचे बैल झाले त्याच्यातून, गणपती झाले, नंतर तुमचे हे पुतळे झाले. त्या मातीनंच माह्या टाचा फाटल्या. एकेक भेग अशी का पैसा उभा राहीन. तुमी काडीनं पाहून पाहून किसनच्या मातीच्या पायात काढल्या. माह्याकडं न पाहताच म्हणले, "चांगल्या आहेत." पन्नास माणसाईत कोणी माह्यं कवतिक केलं नाई कधी, तुमी केलं ते टाचाईचं.

आन त्या पायावर मास्तर इटा रचणार.

"आईतवारपावतर सांगा," मास्तर म्हणले आन गेले. माणूस वाईट नाई. जाताना अंगणातली बादली उचलून सावलीत ठेवली त्याईनं.

आता ऐका. लोखंड कोणतं, ते मले मालूम होतं. टाकलं का नाई टाकलं, हे मालूम नव्हतं. घरात जाड लोखंड एकच. माह्या बापाची सब्बल, हिरी खंदाची पहार.

तुमी मांगतली होती. पायाचा साचा तयार झाला त्या हप्त्यात. म्हणले, "देऊन टाक. मापाची आहे. घोट्यातून मांडीपावतर एकसंध जाईन, वर जोड लागत नाई."

म्या म्हणलं, "नाई."

"काऊन?"

"नाई म्हणलं ना."

काऊन ते तुमाले मालूम होतं. माह्या बापानं त्या सब्बलनं नालवाडीपावतर हिरी खंदल्या. तो गेला तं भावाईनं घर वाटून घेतलं, वावर वाटून घेतलं. मले लुगडं देऊन राह्यले होते. म्या म्हणलं लुगडं नोको, सब्बल द्या. हसले सारे. पोरीच्या जातीले सब्बल! मंग ज्या साली तुमी छातीच्या दुखण्यानं खाटेवर पडले आन पोळ्याचे बैल झालेच नाई, त्या साली मी सडकेच्या कामावर गेली. बाकी बायाईजवळ टोपली होती, माह्याजवळ सब्बल होती. गड्याईबरोबर गोटे काढले मी तिनं. धाकटा पोटातच गेला त्या साली. पण सुमी जगली आन तुमी उठले. मी तुमाले त्याच्याबद्दल कधी बोलली नाई, तुमीबी नाई. पण ते सब्बल दाराच्या मांगं उभी असे तं मले वाटे, घरात अजून एक माणूस आहे.

ते तुमाले सिमिटात गाडाची होती.

मंग जावई मले न्याले आला. केळझरले सुमीचं बाळंतपण होतं. टांग्यात बसता बसता म्या म्हणलं तुमाले, "माही सब्बल त्या पायात घालसान तं मी वापस येणार नाई. सुमीच्याच घरी राहीन."

तुमी विडी पेटवली. म्हणले, "जा, जा. नातू पाहून ये."

मी वापस आली तं पाय ओतून झाला होता, धड वर बसवून झालं होतं, आन तुमी तापात. सब्बल आहे का नाई हे पाह्यचं मले कसं सुचन?

मास्तर गेले आन मी दाराच्या मांगं पाह्यलं. नव्हती.

आव्याजवळ पाह्यलं. खाटेखाली पाह्यलं. छपराचे कवेलू रचले होते ते हलवून पाह्यले. नव्हती. आन सुमीचे बाबा, मले इतकं बरं वाटलं! उभ्या जलमात चोरी झाल्याचं कोणाले बरं वाटलं असन तं मले. म्या म्हणलं, नेली. मेल्यानं नेली! तुमाले मेल्या म्हणलं, तोंडातून गेलं. माफ करा.

मंग जावई म्हणला, "आत्याबाई, सब्बल त्या दिवशी घाटावर होती. लाकडं रचाले खड्डे केले ना तिनं."

"आपली?"

"ते नाई मालूम. कोणी तं आणली होती."

झालं. बाया घाटावर जात नाईत. मी गेली. उन्हात कोणी नव्हतं तथी. तुमची जागा मले वळखू आली, पण तिकडं पाह्यलं नाई. टेकाडाजवळ सब्बल पडली होती, सोडून देल्ली. मी खाली बसली आन तिच्या टोकाकडं पाह्यलं. माह्या बापानं आपल्या सब्बलले टोकावर तीन टिंबं ठोकले होते, चोरी जाऊ नये म्हणून. अथी टिंब नव्हतं. दोन बाजूनं हात फिरवला. नव्हतं. मंग तुमच्या जागेकडं पाह्यलं. म्हणलं, तुमी सांगून गेले असते तं मले अथी यावं लागलं नसतं.

पण घाटावर नाई म्हणजे पायातच आहे, असं कोण म्हणन? शेजारी मांगून नेते. भंगारवाला येते. आन सगळ्यात मोठा भेव मले दुसराच होता. हसू नोका. भेव हा होता का तुमी माह्यं ऐकलं असन.

जलमभर तुमी माह्यं ऐकलं नाई. बैलजोडी इकू नोका म्हणलं, इकले. पुतळ्याच्या फंदात पडू नोका, गणपती बरे, गणपतीले कोणी नाव ठेवत नाई म्हणलं, पडले. सेठचे कान मोठे झाले म्हणलं, म्हणले त्याचे आहेतच मोठे. मंग सेठच्या घरचे भांडाले आले. काई ऐकलं नाई. आन आता मरताना एवढी एक गोष्ट ऐकली असन तं? सब्बल कोणाच्या घरी ठेवून देल्ली असन, बाई वापस आली पायजे म्हणून, आन पायात त्या सुतळीसारख्या कांबी टाकून देल्ल्या असन तं? माह्या एका शब्दानं तो पाय कच्चा राह्यला असन, आन त्याच्या खाली मास्तरचे पोरं!

रोज पाणी घालाले जाये तं गोणपाट सरकवून टाच पाहे. टाचेवर भेगा. अवं, भेगा तं राहणारच, तुमीच काढल्या. पण याईच्यातली तुमची कोणती आन तडकल्याची कोणती? बोट घालून पाहे. ओलं लागे. माह्या पायाकडं पाहे, त्याच्या पायाकडं पाहे. रस्त्यानं जाणारे म्हणत, बुडी पुतळ्याच्या पाया पडून राह्यली.

शनिवारी चौकात इटाची गाडी येऊन रिकामी झाली. लाल इटांचा ढीग, चौथऱ्याले टेकून. गोदाबाई तथी उभी होती. तिले कोणी सांगतलं नव्हतं. मले म्हणली, "बाई, हे कायच्या इटा?"

म्या म्हणलं, "मालूम नाई."

सुतक फिटलं होतं. मी तशीच निघाली.

गणपत लोहार! त्याच्या भट्टीशिवाय सब्बल वाकली नसती, हे मले पयल्याच दिवशी सुचाले पायजे होतं. पण भट्टीले कुलूप. पुतणीचं लगन होतं, नाचणगावले गेलता सारा परिवार. मी पुलगावपावतर गाडीनं गेली, तथून पायी. मांडवात शिरली तं बाया माह्या कपाळाकडं पाहून गप झाल्या. लगनघरी रांडमुंड बाई, तेबी नवीन झालेली. माह्याबी मनात आलं, चुकलं. पण आली ती आली. गणपत पंगतीत वाढून राह्यला होता. मले पाहून वरणाची बादली तशीच खाली ठेवली.

"वैनी! तुमी? अथी?"

"माही सब्बल कोठी आहे?"

तो इकडं तिकडं पाहाले लागला. "वैनी, अगोदर जेवून घ्या."

"जेवत नाई. सब्बल कोठी आहे, सांग."

मले मांडवाच्या बाहेर घेऊन गेला, निंबाच्या खाली. मान खाली. एवढा मोठा लोहार, पोरासारखा अंगठ्यानं माती उकरून राह्यला होता.

"दादानं आण घातली होती मले," म्हणला. "पडदा निघेपावतर वैनीले सांगाचं नाई. तुमी केळझरले गेल्या त्याच दिवशी घेऊन आला. तुमचा टांगा वळणावर नसन गेला. मले म्हणे, 'गणपत, गुडघ्यात जराशी वाकव, आन वरून वीतभर काप, जास्त होते.' म्या म्हणलं, दादा, वैनीची आहे ना? तं म्हणे, 'म्हणून तं लवकर कर.'"

म्या म्हणलं, "मंग?"

"मंग म्हणे, 'उरलेल्या तुकड्याचा विळा करून दे. ते बाई आली का मले खाईन. विळा हातात देतो आन मंग सांगतो.' म्या म्हणलं, दादा, असल्या वक्ताले बाईच्या हातात विळा देते का कोणी? तं म्हणे, 'मुठीकडून देतो.'"

गणपत हसाले लागला आन मधीच रडाले लागला. मी नाई. मी म्हणलं, "विळा कोठी आहे? तोंडानं कोणीबी सांगन."

"भट्टीत. भात्याच्या मांगं. दादा आजारी पडला, मंग नेऊन द्याची हिंमत नाई झाली." कमरेची चाबी काढून माह्या हातावर ठेवली. मंग पंगतीतून पत्रावळ घेऊन आला, निंबाखाली बसवून खाऊ घातलं मले. खाल्लं मी. सकाळपासून काई नव्हतं पोटात.

वापस येऊन भट्टीचं कुलूप काढलं. भात्याच्या मांगं फडक्यात गुंडाळून होता. विळा. मुठीले लागून, लोखंडावर, तीन टिंबं. भट्टीत तापवून, ठोकून ठोकून सारं पालटलं, पण तेवढं टोक त्यानं ठोकलं नव्हतं. मंग गणपतकडून मालूम पडलं, तुमीच सांगतलं होतं, "ते खूण राहू दे. तिले दिसाले पायजे."

दिसली.

मी तशीच मास्तरच्या घरी गेली. आतून त्याईच्या घरच्या बाई आल्या, म्हणल्या बसा. म्या दारातूनच आवाज देल्ला, "मास्तर, इटा उचला."

"आहे लोखंड?"

"आहे. माह्या बापाचं आहे."

मास्तरनं विळा पाह्यला, टिंबं पाह्यले, गणपत काय म्हणला ते ऐकलं. तरी त्याईच्या तोंडावरची काळजी गेली नाई. खरं आहे, दुसऱ्याचे पोरं. म्हणले, "काकू, पोरं बसतीन हो खाली."

"बसू द्या. त्याईच्या पयले मी बसते."

आन बसली. पडदा काढाच्या दिवशी मी डाव्या पायाच्या खालीच बसली, चौथऱ्याले पाठ लावून. पोरं माह्या पुढं, ओळीनं. सुमी नातवाले घेऊन दूर उभी होती. म्या तिले हातानं सांगतलं, तथीच राह्य. पाहा कसं असते! दुसऱ्याचे पोरं खाली बसवले आन आपला नातू दूर ठेवला. लोखंड आहे, मालूम होतं मले. तरीबी.

भाषणं लय झाले. तुमचं नाव एकानं घेतलं, तेबी चुकीचं. मंग पाव्हण्यानं दोरी ओढली. चादर सुटली, लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी वर पाह्यलं नाई. मी ऐकत होती. कोठी कट असा आवाज येते का. मंग पाव्हणा हार घालाले शिडीवर चढला, आन त्या जाड माणसानं तोल सांभाळाले किसनच्या खांद्यावर हात ठेवून सगळं अंग टाकलं. अगाई! माह्या दोन्ही हातानं मी समोरच्या दोन पोराईले धरलं. एक पोरगं म्हणलं, "आजी, दुखते."

काई नाई झालं. हलला नाई. माह्या बापाची सब्बल, ते काय एका पाव्हण्यानं वाकते?

गर्दी पांगली तवा गोदाबाई आली. तिले वर चेहऱ्यापावतर दिसत नाई आता. ते चौथऱ्याजवळ आली आन हातानं पाय चाचपला. घोटा, मंग टाच. भेगाईवरून बोट फिरवलं, एकेका भेगीवरून. म्हणली, "हेच. हेच माह्या किसनचे पाय. बरोबर उतरवले वं बाई तुह्या मालकानं."

माह्ये पाय पदराखाली होते. मी ते अजून आत घेतले. तुमाले म्हणून सांगते, दुसऱ्या कोणाले सांगणार नाई.

आता घरी सारं गप आहे. सुमी उद्या जाईन. दाराच्या मांगची जागा रिकामी दिसते, एका जाग्यावर दोन माणसं गेल्यासारखी. काल निंबू लावाले खड्डा कराचा होता तं शेजारून सब्बल मांगून आणावी लागली, आन शेजारीण म्हणे, "लवकर आणून देजा हो काकू." ऐकावं लागलं मले, तुमच्यापायी. विळा चांगला आहे. गवत कापाले हलका आहे. पण विळा देऊन मी गप बसली असती, असं वाटलं असन तं तुमी मले वळखलंच नाई. मी भांडली असती. चांगली आठ दिवस भांडली असती, आन तुमी विडी पेटवून आव्याकडं तोंड करून बसले असते, आन मंग जेवाले वाढलं असतं. ते भांडण राह्यलं माह्यं. कोणासंगं करू ते? विचारून नेली असती तं देल्ली नसती, हेबी खरं आहे. तुमाले मालूम होतं म्हणून तुमी टांगा वळाची वाट पाह्यली. त्या हिशोबानं तुमी मले चांगलंच वळखलं होतं.

गणपत म्हणते, आता पाणी घालाचं काम नाई, पक्का झाला. तरी सकाळी पाय तिकडंच जातात. घागर नेत नाई, अशीच जाते. टाचेच्या बाहेरच्या अंगाले एक भेग आहे, बारीक, केसासारखी, घोट्याकडं चढलेली. तशी माह्या पायाले नाई. दोन्ही टाचा उन्हात धरून पाह्यल्या, नाई. तुमी आपल्या मनानं काढली का सिमिटानं काढली, कोणाले इचारू? मास्तरले सांगतलं तं मास्तर इटा आणतीन.

म्हणून रोज पाहून येते. कोळशानं भेगीच्या शेवटाले एक टिंब ठेवलं आहे. वाढली तं सिमिटाची. आजपावतर तुमचीच आहे.